उबार : हरवलेल्या वाळवंटी नगराचा पुरातत्त्वीय शोध आणि नावाचा प्रश्न

प्रस्तावना

फेब्रुवारी १९९२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकी दैनिकाच्या पहिल्या पानावर एक बातमी प्रसिद्ध झाली. ओमान देशाच्या धोफार प्रांतात, वाळवंटाच्या कडेवर, अरबी परंपरेतील 'उबार' हे लुप्त नगर सापडले असून त्याचा माग अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांनी लावला, असा त्या बातमीचा आशय होता. पुढील काही आठवड्यांत ती जगभर पोहोचली. अंतराळयानाने वाळूखालचे नगर पाहिले, धर्मग्रंथातील कथा खरी ठरली, अशी विधाने तेव्हापासून पुस्तकांत व माहितीपटांत सातत्याने आढळतात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने असेच एक कात्रण आणून विचारले होते, "सर, मग आपल्याकडची पुराणातली नगरे का सापडत नाहीत?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी उबार खरोखर सापडले काय, हे तपासणे आवश्यक वाटले. प्रस्तुत लेख त्या प्रयत्नातून सिद्ध झाला आहे.

लेखाचा रोख एकाच मुद्द्यावर आहे. ओमानमधील शिस्र या ठिकाणी उत्खननाने एक प्राचीन वस्ती उजेडात आणली, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या वस्तीला दिलेल्या नावाचा. वास्तू सापडणे व नाव सापडणे या दोन भिन्न गोष्टी असून त्या सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावाही भिन्न प्रकारचा असतो. उबारच्या शोधाच्या इतिहासात हा भेद वारंवार पुसला गेला आहे.

परंपरेतील इरम आणि उबार

अरबी द्वीपकल्पाच्या दक्षिणेस पसरलेले 'रुब अल-खाली' म्हणजे 'रिकामा चतुर्थांश' हे वाळवंट सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. या वाळवंटाच्या परिसरात फार पूर्वी 'आद' नावाचे सामर्थ्यशाली लोक राहत होते आणि उन्मत्त होऊन त्यांनी हूद या प्रेषिताचे ऐकले नाही म्हणून त्यांचा नाश झाला, अशी अरबांची धारणा आहे. कुराणाच्या ८९ व्या अध्यायात आद लोकांच्या संदर्भात 'इरम'चा उल्लेख येतो व त्याला 'इमाद'युक्त असे विशेषण लावलेले आहे. ४६ व्या अध्यायाचे नावच 'अल-अहकाफ', म्हणजे वाळूच्या टेकड्या, असे आहे. मात्र इरम कोठे होते हे तेथे सांगितलेले नाही. उबार हे नावही तेथे येत नाही.

पुढील शतकांत भाष्यकार व कथाकारांनी या त्रोटक उल्लेखाभोवती मोठे कथानक रचले. शद्दाद नावाच्या राजाने स्वर्गाशी स्पर्धा करणारे नगर उभारले, सोन्याचांदीचे प्रासाद व रत्नजडित खांब घडवले. परंतु तो आपल्या लव्याजम्यासह नगरप्रवेशास निघाला असता आकाशातून झालेल्या भीषण आवाजाने सारे नष्ट झाले, अशी ही कथा. हरवलेला उंट शोधत निघालेला एक मनुष्य योगायोगाने त्या निर्जन नगरात जाऊन पोहोचतो, ही तिची पुरवणी 'अलिफ लैला' या कथासंग्रहातही समाविष्ट आहे.

'वबार' किंवा उबार ही मुळात वेगळी परंपरा दिसते. १३ व्या शतकातील भूगोलकार याकूत (मृत्यू १२२९) याच्या भौगोलिक कोशात वबारची नोंद आहे. तेथील मूळ लोक नष्ट झाल्यावर त्या भूमीत जिन्न आणि 'नस्नास' नावाचे अर्धमानव राहू लागले, अशा कथा अरबी वाङ्मयात सांगितल्या जात. यात वबार हे तटबंदीचे नगर म्हणून फारसे येत नाही. येते ते एक प्रदेश म्हणून, जेथे माणसाने जाऊ नये असा एक मुलूख म्हणून. इ.स. च्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही या भागात 'इओबारिटाई' हे नाव येते, आणि तेही लोकसमूहाचे आहे, नगराचे नव्हे. इरमचे खांब आणि वबारचा मुलूख यांची सांगड घालून 'उबार नगर' ही एकच कल्पना निर्माण होणे हा उत्तरकालीन संयोग आहे. आधुनिक शोधकांनी मात्र तो मूळचाच गृहीत धरला.

इब्न खल्दूनचा आक्षेप

या कथेची सर्वांत कठोर चिकित्सा आधुनिक पाश्चात्त्य विद्वानांनी नव्हे, तर १४ व्या शतकातील एका अरब इतिहासकारानेच केलेली आहे, याचा उल्लेख लोकप्रिय लेखनात क्वचितच आढळतो. इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथाच्या आरंभीच इतिहासकारांच्या चुकांची उदाहरणे दिली आहेत. खांबांच्या नगराची कथा हे त्यांपैकी एक आहे.

त्याचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी व्यवहाराची. हे नगर एडनच्या वाळवंटात असल्याचे सांगितले जाते. परंतु तो भाग येमेनच्या मध्यावर असून तेथे सतत वस्ती राहिली आहे, वाटाड्यांनी त्याच्या सर्व वाटा धुंडाळल्या आहेत. तरीही कोणा प्रवाशाने वा इतिहासकाराने असे नगर पाहिल्याची वार्ता नाही. नगर नष्ट झाले असे म्हटले असते तर एकवेळ चालले असते. पण ते आजही उभे आहे, फक्त विशिष्ट लोकांनाच दिसते, असे कथाकार म्हणतात. ही पळवाट इब्न खल्दून स्वीकारीत नाही. दुसरी पायरी व्याकरणाची. 'इमाद' या शब्दाचा अर्थ खांब असा घेतल्यामुळे भाष्यकारांना इमारत कल्पावी लागली व इमारतीसाठी नगर कल्पावे लागले. त्याच शब्दाचा अर्थ तंबूचे खांब असाही होतो. तो घेतला की इरम हे नगर राहत नाही. ती राहुट्यांत राहणारी जमात ठरते.

धर्मवचनाला बाधा न आणता त्यावरील कथेची चिकित्सा करता येते, हे इब्न खल्दूनने दाखवून दिले. 'कुराणातील नगर सापडले' असे जाहीर करणाऱ्या २० व्या शतकातील वार्ताहरांनी ही पृष्ठे वाचली असती तर बातमीचा मथळा बहुधा बदलला असता.

वाट दिसते, नगर दिसत नाही

उबारच्या आधुनिक शोधास बर्ट्रम थॉमस या इंग्रज अधिकाऱ्यापासून आरंभ होतो. मस्कतच्या सुलतानाच्या सेवेत असलेल्या थॉमसने १० डिसेंबर १९३० रोजी सलाला सोडले आणि रशीद जमातीच्या बेदुइन सोबत्यांसह रुब अल-खाली ओलांडून फेब्रुवारी १९३१ च्या आरंभी तो कतारमधील दोहा येथे पोहोचला. हे वाळवंट ओलांडणारा तो पहिला युरोपीय होय. वाटेत वाळूच्या कडेवर त्याच्या सोबत्यांनी जमिनीत खोल उमटलेल्या, सुमारे शंभर यार्ड रुंदीच्या वाटांच्या पट्ट्याकडे बोट दाखवून ही उबारकडे जाणारी वाट असल्याचे सांगितले. वाटा पुढे वाळूच्या टेकड्यांखाली लुप्त होत होत्या. थॉमसजवळ पाणी बेताचे होते. त्याने त्या वाटांची नोंद केली व तो पुढे निघाला. १९३२ च्या 'अरेबिया फेलिक्स' या त्याच्या ग्रंथातील हीच नोंद पुढील सर्व मोहिमांचा आधार ठरली.

त्याच वर्षी हॅरी सेंट जॉन फिल्बी उत्तरेकडून वाळवंटात उतरला. त्याच्या वाटाड्यांनी त्याला अल-हदीदा येथे नेले. तेथे वबारचे भग्नावशेष व उंटाएवढा लोखंडाचा गोळा असल्याचे ते सांगत. फिल्बीला तेथे भिंती आढळल्या नाहीत. वाळूत वर्तुळाकार विवरे, वितळून काच झालेल्या वाळूचे काळे तुकडे आणि लोखंडाचे लहान खंड एवढेच होते. काळ्या काचेचे गोल मणी म्हणजे आदच्या स्त्रियांचे जळालेले मोती, अशी वाटाड्यांची समजूत होती. लंडन येथील तपासणीत ती विवरे उल्कापाताची असल्याचे निश्चित झाले. लोखंडाचा सुमारे दोन टनांचा मोठा खंड १९६६ मध्ये वाळूतून वर आला, म्हणजे बेदुइनांचा तो उल्लेख निराधार नव्हता.

फिल्बीच्या या फसलेल्या शोधाची प्रस्तुत लेखकास विशेष दखल घ्यावीशी वाटते. अलीकडील कालमापनानुसार ही उल्का काही शतकांपूर्वीच पडली असावी. याकूतने वबारची नोंद केली ती १३ व्या शतकाच्या पूर्वार्धात. हे मापन ग्राह्य मानल्यास कथा आधीची व विवर नंतरचे ठरते. आगीने भाजलेली ती जागा पाहून लोकांनी आधीच ठाऊक असलेली नाशाची कथा तिला चिकटवली असणार. म्हणजे येथे ठिकाणाने नावाला जन्म दिलेला नाही. नावच ठिकाण शोधत आले आहे. हा प्रकार उबारच्या बाबतीत एकदाच घडला नाही.

१९५३ मध्ये अमेरिकी संशोधक वेंडेल फिलिप्स याने मोटारगाड्या घेऊन थॉमसने नोंदवलेल्या वाटांचा पाठलाग केला. वाटा सापडल्या, वाळूने गाड्या अडवल्या, मोहीम परतली.

अवकाशातील छायाचित्रे आणि शिस्र

१९८० नंतर या शोधात निकोलस क्लॅप हा अमेरिकी माहितीपटकार आला. थॉमसच्या ग्रंथाने तो झपाटला गेला. कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरी या संस्थेतील शास्त्रज्ञांशी, त्यांत चार्ल्स एलाची व रोनाल्ड ब्लॉम हे प्रमुख, त्याने संपर्क साधला. 'चॅलेंजर' या अंतराळयानाने ऑक्टोबर १९८४ मधील आपल्या फेरीत रडारद्वारे पृथ्वीच्या पृष्ठभागाची चित्रे घेतली होती. त्या चित्रांना लँडसॅट व स्पॉट या उपग्रहांच्या छायाचित्रांची जोड देण्यात आली. वकील जॉर्ज हेजेस, ब्रिटिश साहसी प्रवासी रॅनुल्फ फाइन्स आणि साउथवेस्ट मिसुरी स्टेट युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्वज्ञ युरिस झारिन्स हे या गटात सामील झाले. १९९० च्या उन्हाळ्यात प्राथमिक पाहणी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्याने प्रत्यक्ष उत्खनन १९९१ च्या अखेरीपर्यंत लांबले.

या चित्रांनी नेमके काय दाखवले, हे नीट समजून घेतले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या उंटांच्या पायांखाली तुडवली गेलेली जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रीतीने प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे जमिनीवर उभे राहून न दिसणाऱ्या वाटा उंचावरून रेषांसारख्या उमटतात. काही वाटा वाळूच्या उंच टेकड्यांखाली शिरून पलीकडे पुन्हा निघालेल्या आढळल्या. टेकडी तयार होण्यापूर्वी वाट वापरात होती, म्हणजेच ती प्राचीन आहे, हा निष्कर्ष त्यावरून निघतो व तो महत्त्वाचा आहे. परंतु छायाचित्रांत दिसल्या त्या वाटा. नगर दिसले नाही. वाळवंटाच्या आत ज्या जागा छायाचित्रांवरून आशादायक वाटल्या होत्या, तेथे प्रत्यक्ष पाहणीत नगराची खूण मिळाली नाही. तेव्हा शोधकांचे लक्ष वाटा जेथे येऊन मिळतात त्या शिस्र या पाणवठ्याकडे वळले.

शिस्र सलालाच्या उत्तरेस पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते कोणाला अज्ञात होते असे मुळीच नाही. तेथे बारमाही पाणी होते, वस्ती होती, आणि उंचवट्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. थॉमसने १९३० मध्ये तेथे मुक्काम केला होता व तो किल्ला काही शतकांपलीकडचा नसावा असे त्याचे मत झाले होते. विल्फ्रेड थेसिजर या प्रवाशानेही १९४० नंतरच्या आपल्या प्रवासात ही विहीर व तो किल्ला पाहिला होता.

झारिन्स यांच्या उत्खननाने थॉमसचे मत चुकीचे ठरवले, आणि हे या मोहिमेचे खरे यश आहे. पडक्या किल्ल्याच्या खाली व भोवती जुन्या तटबंदीच्या भिंती आणि बुरुजांचे पाये मिळाले. रोमन व इराणी जगाशी संबंध दाखवणारी खापरे मिळाली. वस्तीचा मोठा भाग मध्यावरील खळग्यात कोसळल्याचे दिसले. येथील खडक चुनखडीचा आहे. भूगर्भातील पाण्याने चुनखडी झिजून पोकळी निर्माण होते. पाण्याची पातळी खाली गेली की छताचा आधार सुटतो आणि वरच्या बांधकामाच्या भाराने ते खाली बसते. ज्या पाण्यासाठी वस्ती उभी राहिली तेच उपसले गेल्याने तिच्या पायाखालची जमीन पोकळ झाली. ही कोसळण्याची घटना उत्खननकर्त्यांनी स्थूलमानाने इ.स. ३०० ते ५०० या काळात ठेवली आहे.

गर्विष्ठ नगर पृथ्वीने गिळले ही कथा आणि खळग्यात कोसळलेला किल्ला हे दृश्य यांचे साम्य मोहक आहे, हे मान्य केले पाहिजे. बातमी झाली ती या साम्यामुळे.

पुराव्याचे मूल्यमापन

साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शिस्र येथे उबार हे नाव कोरलेला एकही लेख मिळालेला नाही. वास्तूचा आकारही अडचणीचा आहे. तो लहान तटबंदीचा, पाणवठ्याचे रक्षण करणारा व तांड्यांना आसरा देणारा तळ आहे. भोवताली तंबूंची वस्ती असणे शक्य आहे. परंतु राजधानी म्हणावी असे तेथे काही नाही. भूशास्त्रज्ञ एच. स्ट्युअर्ट एजेल यांनी २००४ मध्ये अरबस्तानविषयक अभ्यासांच्या परिषदेच्या कार्यवृत्तात लिहिलेल्या निबंधात नेमकी हीच हरकत घेतली. त्यांच्या मते उबार नगर ही दंतकथाच असून शिस्र हा वाटेवरील लहानसा पाणवठा होता.

नाशाच्या कथेसंबंधीही एक विसंगती आहे. शिस्रच्या उत्खननात बुद्धिबळाच्या सोंगट्या मिळाल्याचे मोहिमेतील सदस्यांनीच सांगितले आहे. बुद्धिबळ हा खेळ भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेला आणि तो प्रवास सहाव्या–सातव्या शतकाच्या अलीकडचा आहे. म्हणजे कोसळण्याची घटना पाचव्या शतकापर्यंत झाली असेल, तर त्यानंतर कित्येक पिढ्यांनी येथे निवांत बसून खेळणारी माणसे होती. कथेतील वबार मात्र एका आघातात निर्मनुष्य होते व जिन्नांच्या हाती जाते.

स्वतः झारिन्स यांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. १९९६ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी स्पष्ट केले की अभिजात व अरबी साधनांत उबार हे एका प्रदेशाचे व लोकसमूहाचे नाव आहे, विशिष्ट गावाचे नव्हे. त्याला नगराचे रूप उत्तर मध्ययुगीन कथासाहित्याने दिले. उत्खनन करणाऱ्याने स्वतःच अशी दुरुस्ती करावी, ही विद्याव्यवहाराच्या दृष्टीने आदरणीय गोष्ट आहे. परंतु मूळ बातमी पहिल्या पानावर आली होती. दुरुस्ती तितकी दूर पोहोचली नाही. फाइन्स यांचे 'अटलांटिस ऑफ द सँड्स' (१९९२) व क्लॅप यांचे 'द रोड टू उबार' (१९९८) ही पुस्तके आजही अधिक वाचली जातात.

इरमच्या बाबतीत तर दुसरा दावेदारही आहे. जॉर्डनमधील वादी रम येथे अल्लात देवीचे नबातियन मंदिर असून तेथील प्राचीन लेखांत त्या स्थळाचे नाव 'इरम' असे वाचले गेले आहे. कुराणातील इरम ते हेच, असे सिद्ध झाले आहे असे नाही. पण कोरीव लेखातील नाव हा जो पुरावा शिस्रला नाही, तो रमला आहे. आणि रम ओमानपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला आहे.

सुमहुरम आणि तेर

नाव सिद्ध होणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण धोफारच्याच किनाऱ्यावर उपलब्ध आहे. सलालाच्या पूर्वेस खोर रोरी येथे तटबंदीचे बंदर आहे. त्याच्या वेशीजवळील प्राचीन दक्षिण अरबी लिपीतील शिलालेखांत हद्रमौतच्या राजाच्या आज्ञेने या नगराची स्थापना झाल्याचे व त्याचे नाव सुमहुरम असल्याचे कोरलेले आहे. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील नौकानयन-मार्गदर्शिकेत वर्णन केलेले 'मोस्का लिमेन' ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. येथे वास्तू आहे, तिचे स्वतःचे नाव तिच्याच दगडावर आहे आणि परक्याने केलेले वर्णनही आहे.

या ठिकाणी आपल्या प्रदेशाचा संबंध येतो. पेरिप्लसकार सांगतो की दक्षिण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणि बॅरिगाझाहून, म्हणजे भडोचहून, परतणाऱ्या जहाजांना उशीर झाल्यास ती मोस्का येथे हिवाळा काढीत आणि राजाच्या अधिकाऱ्यांना कापड, गहू व तिळाचे तेल देऊन त्या बदल्यात लोबान घेत. खोर रोरी येथे १९५० नंतरच्या उत्खननात भारतीय शैलीची ब्राँझची स्त्रीमूर्ती मिळाली, तर २००६ मध्ये तमिळ-ब्राह्मी अक्षरे असलेले खापर मिळाले. लोबान हा आपल्याकडील शब्दही अरबी 'लुबान'वरूनच आलेला आहे. सातपुड्यात व विदर्भाच्या रानांत आढळणारी सालई ही त्याच कुळातील झाडाची सख्खी बहीण. दक्षिणेच्या डोंगरांवर पडणारा नैर्ऋत्य मान्सूनचा पाऊस आणि पलीकडील कोरडी उतरण यांच्या सीमेवर ही झाडे वाढतात. चीक वाळला की उंटांच्या तांड्यांनी तो किनाऱ्याकडे किंवा उत्तरेच्या बाजारपेठांकडे जाई. शिस्र हे त्या वाटेवरील पाण्याचे ठाणे होते. हे सत्य सोन्याच्या प्रासादांपेक्षा कमी रोमांचक वाटेल, परंतु त्याला पुरावा आहे.

त्याच पेरिप्लसमध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. हे तगर कोणते, यावर १९ व्या शतकात मोठा वाद झाला. देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर अशी अनेक नावे पुढे आली, रा. गो. भांडारकरांनी धारूरचा विचार मांडला. कोल्हापूरचा पक्ष एकेकाळी स्वतः जे. एफ. फ्लीट यांचा होता. १९०१ मध्ये त्याच फ्लीट यांनी तो सोडून आताच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर, असे प्रतिपादन केले. त्यामागे तगर ते तेर हा नावाचा ध्वनिबदल होता, अंतराचा हिशोब होता आणि शिलालेखांची साक्ष होती. शिलाहार राजे आपल्या बिरुदात स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन समृद्ध व्यापारी वस्ती उजेडात आली. येथे नाव गावाने जपले होते, लेखांनी जपले होते, आणि फावडे सर्वांत शेवटी आले. एवढे असूनही पेरिप्लसमधील दिशा तेरशी काटेकोर जुळत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. तेरच्या संग्रहालयातील मातीच्या मूर्ती व हस्तिदंती बाहुली पाहताना या सर्व वादाचा विसर पडतो, ही गोष्ट निराळी.

वर्गात विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाने तेरचे उदाहरण देऊनच दिले होते. आपल्याकडची नगरे सापडत नाहीत असे नाही. सापडलेली नगरे पुराणातील आहेत असे म्हणण्यासाठी जे लागते ते बहुधा हाती नसते. शिस्रकडेही ते नाही.

शिस्र/वुबार

२००० साली युनेस्कोने धोफारमधील चार स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला : वादी दौका येथील लोबानची झाडे, खोर रोरी, अल-बलीद हे मध्ययुगीन बंदर आणि शिस्र. या शेवटच्या स्थळाचे नाव यादीत 'शिस्र/वुबार' असे दिले आहे. स्थळाचे महत्त्व लोबानच्या व्यापारमार्गावरील तांड्यांचे ठाणे म्हणून मान्य केलेले आहे, आणि दोन नावांच्या मधली तिरकी रेघ तशीच ठेवलेली आहे. पर्यटकांना मात्र ते उबार म्हणूनच दाखवले जाते. ओमानसारख्या देशाला पर्यटनाचे महत्त्व आहे व त्यात स्थानिकांचा दोष काढण्यासारखे काही नाही. नाव बाहेरून आले होते.

या संदर्भात थॉमसच्या प्रवासाचा क्रम पुन्हा पाहण्यासारखा आहे. डिसेंबर १९३० मध्ये तो आधी शिस्र येथे आला. त्याच्या सोबत्यांनी त्या विहिरीवर उंटांना पाणी पाजले. किल्ल्याचे पडके बुरुज त्यांच्या समोर होते, आणि पाण्यासाठी ते व त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तेथे येत होते. तेथे त्यांच्यापैकी कोणी उबारचे नाव काढले नाही. पुढे शिस्र मागे पडल्यावर, वाळूच्या कडेवर, त्यांनी जमिनीतील वाटांकडे बोट दाखवून उबारचे नाव घेतले. त्या वाटा शिस्रकडे नव्हे, वाळूत आत जात होत्या.